बाकावरच्या वेणक्का

रोज दवाखान्यात येणारी, पण डॉक्टरांना एकदाही न दाखवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत मधुमेहाचा एक खासगी दवाखाना आहे. तिथल्या लांब बाकाच्या भिंतीकडील टोकाला वेणक्का इनामदार बसलेल्या असत. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि चुरमुरे. धारवाडला भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई सकाळच्या बसने हुबळीला येत आणि माणसे साखरेच्या दुखण्याविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, ते ऐकत. डॉक्टरांची परवानगी त्यांनी घेतली होती. शेजारी बसणाऱ्यालाही आपण कशासाठी बसलो आहोत, हे त्या आधी सांगत. बहुतेकांना त्याचे काही वाटत नसे. "बसा की, बोलायला कुणीतरी पाहिजेच होतं," म्हणून लोक चुरमुऱ्यांना हात घालत.

कुणी म्हणे "शुगर निघाली", जणू घराच्या झडतीत निघावी तशी. कुणी म्हणे "माझी थोडीच आहे". कानडीत मोकळेपणी "सक्करी ऐत्री", म्हणजे साखर आहे, असे म्हणणारा गृहस्थ मराठीत वळला, की आवाज उतरवून "जरा तो त्रास आहे" म्हणे. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यांतून येणारे कामगार रक्ताचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा सांगत: "ह्या खेपेला पास झालो." वेणक्का हे सारे टिपून घेत, पण त्यावर हसत नसत. "आत खोलीत जबाब मिळतो ओ वकीलसाहेब," असे त्या मला पुढे अनेकदा म्हणाल्या, "बोलणं मिळतं ते बाकावर."

त्यांची माझी पहिली भेट भांडणातून झाली, अर्थात माझ्या. मी धारवाडच्या न्यायालयात वकिली केली आणि निवृत्तीनंतर नगरपालिकेपासून टपालखात्यापर्यंत सर्वांना पत्रे लिहिण्याचे काम पत्करले आहे. माझ्या पत्नीच्या, कमलच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. साखर उतरल्याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते, आणि गोळ्या वाढवूनही साखर उतरत नव्हती. कमलला आता पोथी दिसत नव्हती. देवघरातली समई ती हाताने चाचपून लावी. अशा स्थितीत त्या दिवशी तिच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ आली: रुग्ण पथ्य पाळत नाही व खरी माहिती देत नाही. जिने उभ्या संसारात मला एक खोटे सांगितले नाही, तिच्याविषयी हे लेखी विधान. मी काउंटरपाशी उभा राहून, पुरावा काय, असे विचारत होतो आणि समोरची मुलगी माझ्याकडे न बघता पुढचा नंबर पुकारत होती.

"नोटीस देणार काय?" बाकावरून आवाज आला.

"आजच देणार."

"द्या की. पण नोटिशीनं मोतीबिंदू निघणार आहे काय ओ?"

मी काही बोलण्याआधीच त्या कमलकडे वळल्या होत्या. "कमलाक्का, मी तुमच्याकडं चहाला आले तर चालंल काय?"

दुसऱ्या दिवशी त्या हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या बाजूच्या आमच्या घरी आल्या आणि बैठकीत न थांबता सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या. मला वाटले होते, त्या प्रश्नावली काढतील. त्यांनी फक्त विचारले, "सकाळपासनं देवाचं काय काय असतंय तुमच्याकडं?"

कमलचा चेहरा उजळला. असे कुणी तिला विचारले नव्हते. "उठल्यावर तीर्थ. मग दूध-साखरेचा नैवेद्य. पंचामृत रोजचंच, देवाचं ते, टाकायचं कुठं? वाटीभर मीच घेते. शनिवारी मारुतीचं गूळ-खोबरं. गुरुवारी मठात हयग्रीव."

हयग्रीव म्हणजे हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरे आणि तूप. मी दारात उभा होतो, तो तसाच उभा राहिलो.

"आणि गोड?" वेणक्कांनी विचारले.

"गोड कुठलं ओ. सोडून किती वर्षं झाली. चहासुद्धा विदाउट."

"हे सगळं तू डॉक्टरांना का सांगितलं नाहीस?" मी विचारले.

"त्यांनी काय खाता म्हणून विचारलं," कमल शांतपणे म्हणाली. "प्रसाद काय खातात काय? घेतात."

साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे, हे मी स्वतः शेकडो लोकांना शिकवले आहे. माझ्या पत्नीने वर्षानुवर्षे नेमके तेच केले होते. तिचे उत्तर शब्दशः खरे होते आणि तिची दृष्टी त्यापायी जात होती.

मी म्हणालो, आजपासून प्रसाद बंद. वेणक्कांनी कप खाली ठेवला. "थांबा हो. तुम्ही बंद म्हणाल, त्या बरं म्हणतील आणि गुरुवारी मठात जाऊन घेतील. मग मात्र खरंच खोटं सांगावं लागंल त्यांना." मग कमलला म्हणाल्या, "देवाला तुमच्याकडनं किती घेतलेलं पुरतंय, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणारी कोण?"

कमलने ठरवले. पंचामृत तुळशीच्या पानाच्या टोकावर येईल तेवढे. बाकीचा प्रसाद कणभर तोंडात, उरलेला डोळ्यांना लावून शेजारच्या घरी. पुढच्या खेपेला वेणक्का आमच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत आल्या. मी तयारीने गेलो होतो, पण बोलल्या त्याच. "डॉक्टर, प्रश्न तुमचा बरोबर आहे. तो ह्यांच्या घरात कुठंपर्यंत पोचतोय, तेवढं बघा." डॉक्टर तरुण होता आणि प्रामाणिक होता. सगळे ऐकून त्याने कागदावरची ती ओळ खोडली. खोडलेल्या ओळीशेजारी सही आणि तारीख मी मागून घेतली. वेणक्का बाहेर आल्यावर म्हणाल्या, "जिंकलात बघा. आता तरी जरा हळू बोला."

साखर उतरली. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर कमलने प्रथम माझ्या सदऱ्याच्या कॉलरकडे पाहिले आणि हा मळलेला सदरा घालून तुम्ही इतके दिवस हिंडत होता काय, असे विचारले. वेणक्कांना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्या किती तरी वेळ हसत होत्या. त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

कमलच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालणे अजून चालू होते, तेव्हा त्यांच्या भाच्याचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या, असे तो म्हणाला. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. राग यावा असे कुणी समोर नव्हते. एखादे पत्र लिहावे म्हणून टेबलाशी बसलो. मायना कुणाच्या नावे घालावा, ते ठरेना. कागद कोरा ठेवून मी बूट पुसले आणि आम्ही धारवाडला गेलो. तिथे लोक काय बोलले, ते मला आठवत नाही. अंगणात तुरीची डाळ वाळत घातली होती, ती कुणीच आत घेतली नव्हती, एवढे आठवते.

तेराव्या दिवशी समाराधनेच्या जेवणाला पुन्हा गेलो. पंगतीत वाढप्याने कमलच्या पानावर हयग्रीव वाढले, मोठ्या डावाने. मी शेजारी होतो. मी माझ्या पानाकडे बघत जेवलो. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेरच्या पाट्या एकेक करून वाचत होती.

रात्री थेंब घालायला बाटली घेतली, तेव्हा मी विचारले, "आज काय काय घेतलंस?"

माझ्या तोंडी हा प्रश्न कुणाचा, ते तिला कळले.

"हयग्रीव," ती म्हणाली. "सगळं घेतलं. वेणक्कांचं होतं."

"डॉक्टरांना असंच सांग."

"सांगते," म्हणून तिने मान मागे टाकली आणि डोळा उघडा धरला.