मॅडमची टिकली

लेकीच्या शाळेतल्या कंप्युटरच्या मॅडमवर माझा पहिल्यापासून भरोसा नव्हता. बोलणं गोड, प्रत्येक वाक्याआधी "अच्छा, चलो", आणि नजर घरभर फिरती. जपानमधल्या एका वर्गाशी त्या आमच्या पोरांची लॅपटॉपवर भेट घालून देत. यावेळी दोन्हीकडच्या पोरांनी आपापलं घर दाखवायचं होतं. मी चौथीत शाळा सोडलेली, गावापासून इतक्या दूर, शहरातल्या घमापूर वस्तीत एका खोलीत राहणारी बाई. आमचं घर परदेशात दाखवून यांना काय मिळते, तेच मला समजेना. पण लेकीला शाळेत घेतलं होतं ते त्यांच्याच शब्दावर. नाही कसं म्हणू?

"ताई, काहून घाबरून राहिल्या? पोरंच तर आहेत," म्हणत त्यांनी आमच्या पलंगावर लॅपटॉप उघडला.

तिकडच्या एका पोरीनं काहीतरी विचारलं. मॅडमनं हळूच सांगितलं, "तुझी खोली कोणती, विचारते."

लेकीनं मान खाली घातली. लोक हसतील, याचीच मला धास्ती होती. तेवढ्यात मॅडमनं कपाळावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर चिकटवली. तिकडे आम्ही दिसेनासे झालो.

"नको वाटत असेल तर राहू दे, बेटा."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मग नखानं टिकली काढून म्हणाली, "हीच. माझी आणि आईची."

मॅडम मोकळ्या कपाळानंच परत गेल्या. टिकली मी आरशाला लावून ठेवली. अजूनही त्या आल्या की त्यांची नजर कुठे फिरते ते मी पाहतेच. फक्त आधी चहा ठेवते.