पायरीवर बसलेली बाई

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पेंटरचाचांचं दुकान आहे. दिवसभर पाट्या रंगवतात. कुणी बोलायला लागलं की ब्रश दातांत धरून नुसती मान हलवतात. आई गेल्यापासून माझी कविता थांबली होती आणि त्याची मला लाज वाटायची.

एकदा त्यांनी हौसेनं काढलेलं माहूरच्या गडाचं चित्र दिसलं. पायरीवर एक बाई टेकली होती, पण देऊळच नव्हतं.

“चाचा, देऊळ कुठंय?”

“वर हाय की. बाई दम खाऊन राहिली. बसू द्या तिला, घाई काय हाय?”

मला तिथंच रडू फुटलं. चाचांनी स्टूल पुढं सरकवलं आणि पाटी रंगवत राहिले. मी पोटभर रडले. घरी येताना मन हलकं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना आईवरची पहिली ओळ सुचली.