धाबळीतले बाळ

ओल्या लोकरीचा वास. तो आला की आजही माझे हात आपोआप पुढे होतात. कुणीतरी त्यांत मूल ठेवणार आहे, असे त्यांना वाटते. घाम, आंबूस दूध आणि मेंढीच्या अंगाचा जड, तेलकट दर्प. त्या वासात मी एक मूल वाढवले. त्याच्या कातडीचा वास मला फार उशिरा कळला.

वैशाखातली दुपार. सीताबर्डीवरच्या एका सभागृहात बायकांची सभा भरली होती. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या आणि बाहेरून एक माणूस त्यांच्यावर पाणी मारीत होता. आत गार, सुगंधी अंधार. मी उंबरठ्याबाहेर, चपलांच्या राशीपाशी उभी. कडेवर बाईसाहेबांचा मुलगा. तीन वर्षांचाही नव्हता. नागपूरच्या त्या उन्हात तो मानेपासून पायांपर्यंत धाबळीत गुंडाळलेला होता.

त्याने धाबळीतून हात बाहेर काढला आणि माझ्या गालावर ठेवला.

मागच्या रांगेतली एक बाई नेमकी तेव्हाच वळली. "अगंबाई, शिवला की तो तिला!" ती ओरडली. "हात आत घाल वं त्याचा! पाहत काय राहिलीस म्हशीवानी?"

माना वळल्या. कुणीतरी खुदकन हसले. एकीने तांब्या आणून त्याच्या हातावर पाणी शिंपडले. माझ्यावर नाही. माझे काही शुद्ध होण्यासारखे नव्हते.

मी त्याचा हात आत घातला. तो रडू लागला. व्यासपीठावर बाईसाहेब आफ्रिकेतल्या प्रवासाबद्दल बोलत होत्या.

त्या घरात असे मानीत की सुताला विटाळ होतो, लोकरीला होत नाही. मी अस्पृश्य विणकरांच्या मोहल्ल्यातली. माझ्या आणि बाळाच्या अंगामध्ये लोकर असली की माझा स्पर्श त्याला पोचत नाही, असा नियम. मग मी त्याला झोपवावे, कुणी न्हाऊ घातल्यावर पुसावे, छातीशी धरावे. सारे चालत असे. मध्ये धाबळी हवी. आणि गंमत अशी की सभेला आलेल्या बाया स्वदेशीच्या अभिमानाने जाडीभरडी खादी नेसल्या होत्या. ती आमच्याच मोहल्ल्यातल्या मागांवर विणलेली. आमच्या हातचे कापड त्यांच्या अंगाला चालत होते. आमचा हात चालत नव्हता.

बाईसाहेबांचे यजमान डॉक्टर. पूर्व आफ्रिकेतल्या सरकारी इस्पितळात त्यांना नोकरी मिळाली तेव्हा बाळ काही महिन्यांचे होते. मुलाला सांभाळायला बाई हवी होती. पण समुद्र ओलांडला की जात बाटते म्हणून एकही मोलकरीण तयार होईना. बाटायला माझ्यापाशी काहीच नव्हते. मी नवऱ्यामागे माहेरी आलेली, कामठीच्या मिशनच्या शाळेत थोडे शिकलेली. तिथल्या मास्तरीणबाईंनी मला वृत्ते मोजायला शिकवली होती. लघू, गुरू, लघू. बोटीच्या डेकवर पडल्या पडल्या मी लाटा तशाच मोजीत असे, आणि धाबळीतल्या त्या गरम गाठोड्याला हळू आवाजात गाणी म्हणून दाखवीत असे. आमच्या बोलीतली गाणी. त्यांतूनच त्याने पुढे एक शब्द उचलला. बाईसाहेब त्याची 'आई' झाल्या. मी 'माय'.

मोंबासाला उतरलो. नाकात पहिल्यांदा शिरली ती लवंग, मग सुकी मासळी, मग तापलेल्या कोळशाची राख. "हे लोक माणसं खातात म्हणे," बाईसाहेब बोटीवर सांगत आल्या होत्या. बंदरावर मला दिसले ते ओझ्याखाली वाकलेले लोक. त्यांच्या पाठी मी ओळखल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या पाठी अशाच असतात.

मग आगगाडी. गोरे पहिल्या वर्गात, हिंदी लोक दुसऱ्यात, आफ्रिकन तिसऱ्यात. डॉक्टर आणि बाईसाहेब दुसऱ्या वर्गात चढले. मला तिसऱ्यात बसवले. कुणी काही विचारले नाही. ती उतरंड मला समजावून सांगण्याची गरज कुणालाच वाटली नाही, मलाही नाही.

गाडी तांबड्या, निष्पर्ण मुलखात शिरली. तांबडी धूळ दातांत करकरत होती. दुपारी एका लहान स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली, इंजिनात पाणी भरायला. आम्ही उतरलो. फलाटावर एकच छप्पर, छपराखाली एकच बाक. बाईसाहेब बाकावर बसल्या आणि बाळ माझ्या हातात दिले. त्याचे तोंड लाल झाले होते. धाबळीतून वाफ यावी तशी ऊब येत होती.

"बाईसाहेब, धाबळी काढू का जी? लेकरू तापून राहिलं."

"नको. भर फलाटावर? लोक काय म्हणतील?"

ते लोक कोण, हे मी विचारले नाही. त्या स्टेशनावर आमचा रिवाज जाणणारे आम्हीच तिघे होतो.

तेवढ्यात एक गोरा आला. हातात वेताची छडी. त्याने छडीने बाकाची पाठ ठोकली, जशी गुरे हाकताना कुंपण ठोकतात तशी, आणि एकच शब्द बोलला. इंग्रजीतला. ऊठ. डॉक्टरांनी आपले पद सांगितले, इस्पितळाचे नाव सांगितले. त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. छडी पुन्हा बाकावर आपटली. बाईसाहेब उठल्या. पदर डोक्यावर ओढला आणि छपराच्या खांबामागे जाऊन रडू लागल्या. तोंड दाबून, खांदे हलवीत.

त्या रडण्याने माझ्या काळजाला पीळ पडला. खोटे नाही सांगत. त्यांच्यासाठी पडला. आणि त्याच क्षणी मनात एक वेडी आशा उगवली. आता यांना कळेल. त्या आता वळतील, माझ्याकडे पाहतील, आणि त्यांना कळेल.

बाळाचे डोळे फिरले. मी मालाच्या कोठीच्या सावलीत धावले, मांडी घातली आणि धाबळी सोडली. त्याचे उघडे, ओले, पुरळाने भरलेले अंग पहिल्यांदा माझ्या हातांना लागले. तापलेल्या मातीवर पाण्याचे थेंब पडावेत तसा त्याचा वास. शेजारी केळी विकणारी एक आफ्रिकन बाई होती. तिने काही न विचारता केळीचे पान उचलले आणि त्याला वारा घालू लागली. बाळाने डोळे उघडले. माझे बोट धरले.

"ऊठ!"

बाईसाहेब समोर उभ्या होत्या. गालांवर ओघळ तसेच. "ऊठ तिथून! बाटवलंस ना माझ्या बाळाला? एवढी संधी साधलीस?"

तोच शब्द. नुकताच त्यांना ऐकावा लागलेला. फक्त मराठीत.

त्यांनी डॉक्टरांकडून पाण्याची सुरई मागवली. प्यायचे पाणी, दिवसभर पुरवायचे. "अहो, पुढे पाणी मिळेल न मिळेल," डॉक्टर हळूच म्हणाले. एवढेच म्हणाले. सारी सुरई बाळाच्या अंगावर रिकामी झाली. तांबड्या मातीने ते पाणी क्षणात पिऊन टाकले. तान्हा पोर किंचाळत होता आणि त्याच्या ओठांना त्यातला थेंबही लागला नव्हता. मग त्याला पुन्हा धाबळीत गुंडाळले, आणि पुन्हा माझ्याच हातात दिले. "घे. गाडीत तुझ्याजवळच ठेव. माझं डोकं फुटायला आलंय." लोकर मध्ये आली होती. सारे पूर्ववत झाले होते.

मी तिसऱ्या वर्गात चढले आणि सवयीने दारापाशी उभी राहिले. कोंबड्या, घाम, भाजलेल्या मक्याचा वास. केळीवाली आधीच आत बसली होती. तिने आपले गाठोडे मांडीवर घेतले, शेजारची फळी मोकळी केली, तिच्यावर तळहाताने थाप मारली आणि माझ्याकडे पाहून एक शब्द बोलली. अर्थ कळला नाही. थाप कळली. मी बसले. तिच्या दंडाची कातडी माझ्या दंडाला टेकली. ती सरकली नाही.

तिने पाण्याचा भोपळा पुढे केला. मी खाली वाकून ओंजळ धरली. ती बघतच राहिली. आमच्याकडे पाणी वरून ओततात, हे तिला कसे ठाऊक असणार? तिला वाटले, मला काही दुखते आहे. तिने माझी ओंजळ मोडली आणि भोपळा सरळ माझ्या हातात दिला. तिच्या ओठांनी ओली झालेली त्याची कड. मी धाबळी पुन्हा सोडली. बाळाला माझ्या उघड्या दंडावर घेतले आणि त्या भोपळ्यातून थेंब थेंब पाणी पाजले. त्याची तहान भागली तेव्हा मी प्याले. मग ती प्याली.

बाळ वाचले. मी कुणाला काही बोलले नाही. पुढची दोन वर्षे डॉक्टरांच्या बंगल्यामागे माझे टमरेल आणि तिथल्या आफ्रिकन स्वयंपाक्याचे टमरेल एकाच खिळ्याला टांगलेले असे. धाबळी माझ्या हातांवरून उतरली नाही.

आणि आता, रजेवर नागपूरला परतल्यावर, बाईसाहेब व्यासपीठावरून तीच दुपार सांगत होत्या. सुंदर सांगत होत्या. शब्दांना ताल होता. छडी, बाक, अपमान. "परक्या मातीत आपण माणूस नसतो, भगिनींनो," त्या म्हणाल्या, आणि सभेत पदर डोळ्यांना लागले. माझेही डोळे भरले. तो अपमान खरा होता.

मग त्या म्हणाल्या, "त्या निर्दय स्टेशनावर माझं तान्हं बाळ पाण्यावाचून तळमळत होतं. आम्हां हिंदी लोकांना घोटभर पाणी द्यायला तिथं कुणी नव्हतं."

माझ्या आत काहीतरी तुटले. तुटले ते कायमचे. बाळ हातात रडत होते, शिंपडलेल्या पाण्याने धाबळी ओली झाली होती आणि तो वास माझ्या घशात चढत होता. मी उंबरठा ओलांडला. मधल्या वाटेत एक खुर्ची रिकामी होती. मी धाबळी सोडली, जमिनीवर टाकली. उघड्या मुलाला उघड्या हातांनी उराशी धरले आणि खुर्चीवर बसले.

आसपासच्या बाया खुर्च्या सारीत उठल्या.

"पाणी होतं, बाईसाहेब," मी म्हणाले.  "सुरईभर पाणी होतं. मी शिवली म्हणून तुम्ही ते लेकराच्या अंगावर ओतलं. हा जगला तो एका काळ्या बाईच्या उष्ट्या पाण्यावर. मी पाजलं. त्याच भोपळ्यातून मग मी प्याली. तिचं काहून सांगत नाही तुम्ही?"

वाळ्यावरून पाणी ठिबकत होते. 

बाईसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्या स्टेशनावर खांबामागे रडणारी बाई मला त्यांच्यात क्षणभर दिसली. मी वाट पाहिली. देवाशपथ, तेव्हासुद्धा मी वाट पाहिली.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"नाही उठत."

त्यांनी मूल माझ्या हातांतून ओढून घेतले. त्याने माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता. एकेक बोट सोडवावे लागले. "माय!" तो ओरडला. त्याला नळाखाली नेले. त्याचा आवाज अंगणातून येत राहिला. "माय! माय!" मी खुर्चीवरून उठले नाही. त्याच्याकडे धावण्यासाठीसुद्धा नाही. सभा मोडली, बाया गेल्या, आणि मी बसून राहिले. मग माझ्या मर्जीने उठले.

घरी माझी माय मागावर होती. "काहून आली वं एवढ्यात?" तिने विचारले. "लेकरू कुठी हाय?"

"त्याच्या आईजवळ."

तिने धोटा थांबवला. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "आता खाशील काय?"

"विणीन."

 बाजूला सरकून तिने मला धाग्यांसमोर जागा दिली.

ते मूल मी पुन्हा पाहिले नाही. ते लोक आफ्रिकेला परतले. आज तो मोठा असेल, इंग्रजी बोलत असेल, आणि मी त्याच्या कोणत्याही आठवणीत नसेन. ही जखम भरावी असे मला वाटत नाही. ती भरली तर मी विसरेन की प्रेमसुद्धा त्यांनी मला लोकरीआडून करायला लावले.

आता मी कुणाच्या दाराशी उभी राहत नाही. वरून ओतलेले पाणी पीत नाही, घसा फुटला तरी नाही. मध्ये कापड ठेवून कुणाचे मूल धरणार नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना मी अक्षरे शिकवते, आणि अक्षरांच्या आधी बसायला शिकवते. सरळ, पाठ ताठ, कुणी आले तरी अंग न चोरता. पुढे कुणी त्यांना उठवायला येईल. गोरा येईल, किंवा खादी नेसलेली कुणी येईल. त्यांनी उठायचे नाही.

केळीवालीच्या त्या शब्दाचा अर्थ मी नंतर बंगल्यावरच्या स्वयंपाक्याला विचारला होता. तो आधी हसला, एवढ्या साध्या शब्दाचा अर्थ काय विचारतेस म्हणून. मग त्याने आपली तिपाई माझ्याकडे सरकवली. बैस. जन्मात पहिल्यांदा मला कुणी तसे म्हटले होते, तांबड्या मुलखातल्या त्या डब्यात, फळीवर थाप मारून:

"केती."