सरी म्हणजे हो नव्हे

पहिल्या भेटीत बिंदुमाधवरावांनी माझी किमान तीनशे वेळा माफी मागितली. मी नुकताच पुण्याहून बंगळुरात जे. पी. नगरात उतरलो होतो, माझा फ्रीज त्यांच्या जिन्यात आडवा अडकला होता, आणि मी काहीही बोललो तरी ते मान डोलावून "सॉरी, सॉरी" म्हणत होते. पाणी कधी येतं? सॉरी. गाडी कुठे लावू? सॉरी. पुण्यात अख्खं तारुण्य काढून माझ्या वाट्याला एकूण दोन सॉरी आले होते, त्यातलं एक राँग नंबरवाल्याचं. मी गहिवरलो. त्यांनी केलेले आणि न केलेले सगळे अपराध मी जिन्यातच माफ करून टाकले.

तो शब्द 'सॉरी' नसून कन्नड 'सरी' आहे, हे मला त्यांच्या सुनेनं, श्यामलानं समजावलं. तीही पुण्याचीच. "सरी म्हणजे ठीक आहे, बरोबर," ती म्हणाली. "अण्णांच्या तोंडात मात्र त्याचा अर्थ एवढाच, की कान चालू आहेत."

हे घराणं शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलं. त्यानंतर त्यांनी कुठलाही ठाम निर्णय घेतल्याचा पुरावा नाही. बिंदुमाधवराव विमा कचेरीत होते. समोर येईल ती फाईल 'उचित निर्णयासाठी सादर' असं लिहून वरच्या मजल्यावर पाठवायची, ही त्यांची नोकरी. घरातला वरचा मजला म्हणजे त्यांच्या पत्नी वसुमतीबाई. त्या गेल्यावर खरोखरच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू आलो, आणि 'आज दोडका आणू की पडवळ' ही फाईल माझ्याकडे यायला लागली.

नातीच्या बाबतीत मात्र ते तलवारीसारखे होते. भार्गवी नऊ वर्षांची. एका तापानंतर तिचं हृदय फुगत गेलं आणि रक्त ढकलायचं काम त्याला झेपेना. आईबाप दोघं दिवसभर लांब बेळ्ळंदूरच्या कचेऱ्यांत, म्हणून तिच्या गोळ्या अज्जाकडे. गोळी देताना ते घड्याळाकडे असे बघत, की घड्याळालाच घाम फुटावा. शेवटी तिला इस्पितळात ठेवलं आणि नव्या हृदयासाठी तिचं नाव रांगेत लागलं.

एका दुपारी इस्पितळातून फोन आला. मी गाडी काढली.

डॉक्टर सुप्रीता इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं: श्यामला, तिचा नवरा सुमंत, अण्णा आणि मी.

"हृदय मिळू शकतं," त्या म्हणाल्या. "एका मुलाचं आहे. अपघात झाला, मेंदू गेलाय. त्याच्या आईबापांनी हो म्हटलंय. तो भार्गवीपेक्षा मोठा आहे, पण ती अडचण नाही. तिचं हृदय इतकं फुगलंय, की छातीत जागा झालीये. अडचण दुसरीच आहे. अपघातानंतर त्याचं हृदय थांबलं होतं. परत सुरू झालं, सुधारतंय, पण अजून स्वल्प सुस्त आहे."

"सरी," बिंदुमाधवराव म्हणाले.

"आमच्यातच दोन मतं आहेत. सर्जन म्हणतात, घेऊ, मुलांची हृदयं सावरतात. दुसरे म्हणतात, थांबू, याहून चांगलं येईल."

"आणि तुम्ही?" श्यामलानं विचारलं.

"मी घेण्याच्या बाजूची. चांगलं येईलच असं नाही. आणि येईल तेव्हा भार्गवी आजच्याइतकी धड असेल असंही नाही. पण हे बसवलं आणि ते चाललंच नाही, तर हातात काही उरत नाही. तेही सांगायला हवं. लवकर कळवायचंय, नाहीतर वाटपवाले रांगेतल्या पुढच्या मुलासाठी विचारतील."

"सरी, सरी."

डॉक्टर उठल्या. "मग मी कळवते."

"थांबा!" श्यामला ओरडली. "त्यांचं सरी म्हणजे हो नव्हे!"

"सरी म्हणजे होच की, अक्का."

"यांचं नाही! रिक्षावाल्यानं दुप्पट भाडं सांगितलं तरी सरी म्हणतात, आणि मग चालत घरी येतात!"

मी सवयीनं हसलो. एकटाच. सुमंत बुटांकडे बघत म्हणाला, "अण्णा सांगतील तसं."

"बाप तू आहेस ना रे तिचा?"

श्यामला सासऱ्यांच्या समोर जाऊन बसली. "अण्णा, सही आम्ही करू. पण पुढे जन्मभर गोळ्या आहेत. त्या चुकल्या, तर शरीर ते हृदय परत लोटून देणार. आम्ही पुलाखाली ट्रॅफिकमध्ये असू. गोळ्या तुम्ही देणार. तिला शिंक आली तर पहिल्यांदा तुम्हाला ऐकू येणार. तुमच्या मनात नको असेल, तर ते मला आत्ता कळायला हवं. मला भीती वाटतेय हो, मला एकटीला नाही ठरवता येत. हो की नको?"

बिंदुमाधवरावांनी सवयीनं वर पाहिलं. वरच्या मजल्यावर इस्पितळाचं कँटीन होतं.

त्यांचे ओठ 'स' म्हणायला जमले आणि तसेच मिटले. इतका वेळ कान चालू असलेला हा माणूस आता खरंच ऐकत होता, आणि ते बघवत नव्हतं.

"आणायला जाणारे ते हृदय बघून घेतात काय?" त्यांनी विचारलं. "का नुसतं घेऊन येतात?"

"सर्जन स्वतः जाऊन बघतात. हात लावून बघतात. नाही पटलं, तर तिथूनच परत फिरतात."

"आणि त्या पोराची आई तिथंच असेल."

"असेल."

"तिनं हो म्हटलंय."

"हो."

"तिनं तेवढं म्हटलं, आणि आम्ही इथं सरी म्हणत बसायचं?" ते उठून उभे राहिले. धोतर नसताना धोतर सावरल्यासारखं त्यांनी पँटला हात लावला. "हो. हो म्हणतो मी. घ्या. गोळ्या माझ्याकडे."

श्यामलानं सही केली. सुमंतनं केली, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून रडला. भार्गवीला चाकांच्या पलंगावरून न्यायला आले, तेव्हा तिनं विचारलं, "अज्जा, सरी?"

"हो," ते म्हणाले. "हो ग."

मग बसलो. बिंदुमाधवरावांनी माझं मनगट धरलं होतं. कॉफी आली, तिच्यावर साय धरली. दरवेळी दार उघडलं की चौघं एकदम उठायचो आणि कुणीतरी फरशी पुसायला आत यायचं.

शेवटी डॉक्टर सुप्रीता आल्या. सर्जननी तिथं त्या मुलाची छाती उघडून पाहिलं होतं. हृदयाची मागची भिंत हलत नव्हती. ते हृदय तिथंच ठेवून सर्जन परत निघाले होते.

दुसरं हृदय पुढच्या महिन्यात आलं. डॉक्टरांत एकच मत होतं. श्यामलानं फोनवरच हो सांगितलं. भार्गवी आता शाळेत जाते. तो फोन आला तेव्हा बिंदुमाधवराव, मला न विचारता, जयनगरला पडवळ आणायला गेले होते.