सेतुरावांनी भरलेले रकाने

सेतुराव गेल्याचं मला तांबरम स्टेशनच्या जिन्यावर कळलं. ऑफिसच्या ग्रुपवर दोन ओळींचा निरोप होता, खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मी जिन्यातच थांबले आणि मागचे लोक तमिळमध्ये वैतागत बाजूने निघून गेले. पाच आठवडे झाले, तरी त्यांच्याविषयी ‘होते’ असं लिहिताना हात अडखळतो...

आमची सिमेंटची कंपनी, तिची चुनखडीची जुनी खाण चेन्नईच्या दक्षिणेला काही तासांवर. सेतुराव तिथले भूवैज्ञानिक. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना चेन्नईच्या ऑफिसात सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. घर शहरातल्याच जुन्या तिरुवल्लिकेणीत, बोली तंजावरी मराठी. मी नागपूरची. जमिनीखाली दगड कुठे आणि किती आहे हे पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून बघता यावं, म्हणून खाणीचं त्रिमितीय मॉडेल उभं करायला मला घेतलं होतं. तोवर ती सगळी माहिती सेतुरावांच्या रंगीत पेन्सिलींच्या नकाशांत होती, आणि त्यांत न मावलेली त्यांच्या डोक्यात. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून ते खूश झाले. “बोल मा, बोल. तुझी मराठी पुस्तकासारखी आहे,” लेकीला हाक मारावी तसं तमिळ ‘मा’ लावून म्हणाले. मला मात्र तेच जुन्या बखरीतून उठून आल्यासारखे वाटले होते.

खाणीत जागोजागी बोअर मारून खालचा दगड कांड्यांच्या रूपात वर काढतात आणि तपासतात. त्या नोंदवह्या मी तीन महिने संगणकात भरत होते. दर मीटरला एक रकाना, त्यात चुन्याचं प्रमाण. बरेच रकाने कोरे होते. मी ते तसेच ठेवले आणि सॉफ्टवेअरने कोऱ्याचा अर्थ शून्य लावला. मी तपासलं नाही, कुणाला विचारलं नाही. शहाणपण उतू चाललं होतं माझं!

बैठकीत खाणीचा पूर्वेकडचा भाग पडद्यावर पोकळ दिसला, म्हणजे तिथे चुनखडीच नाही. पुढची खोदाई नेमकी तिथेच व्हायची होती. “म्हणजे इतकी वर्षं सरांचे नकाशे चुकीचे होते म्हणायचे,” एक साहेब इंग्रजीत म्हणाले आणि दोघंतिघं हसले. सेतुराव चष्मा पुसत राहिले. त्यांचं आयुष्यभराचं काम माझ्या एका चित्राने खोटं ठरवलं होतं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी थोडा अभिमानच वाटला. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ते मला खाणीवर घेऊन गेले. पत्र्याच्या शेडमध्ये दगडांच्या पेट्या रचलेल्या होत्या. गुडघे धरत ते खाली बसले आणि त्यांनी एक पेटी ओढली. दोन कांड्यांच्या मध्ये, दगडाच्या जागी, लाकडाचा ठोकळा होता.

“इथला दगड मऊ. यंत्राच्या पाण्याबरोबर धुऊन गेला. हातीं लागलाच नाहीं तर तपासायला काय पाठवूं? म्हणून रकाना कोरा.”

“पण मग दगड होता हे कशावरून?”

“पाणी पांढरें आलें होतें, मा. दुधासारखें. मी उभा होतों तिथें.”

पुढच्या बैठकीत ते स्वतःहून उठले. रकाने आपण कोरे सोडले, विचारायला कुणी आलं तर आपण आहोतच असं धरून चाललो, ही आपली चूक, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी विचारलं नव्हतं, हे त्यांनी तोंडातून काढलं नाही. माझी नोकरी त्या दिवशी त्यांच्यामुळे वाचली. बाहेर आल्यावर मला रडू फुटलं तर म्हणाले, “सुम्मा, उगीच रडूं नको. रडून काय होणार? मी गेलों, तर कुठलें पाणी पांढरें आलें तें कोण सांगेल? तें मशीन शिकव मला.”

आणि शिकले! माऊस त्यांच्या हातात ठरायचा नाही, खाण पडद्यावर उलटीपालटी व्हायची, मग स्वतःच खो खो हसायचे. पण रोज सकाळी जुन्या वह्या घेऊन बसायचे आणि संगणकात एकेका कोऱ्या रकान्यासमोर शेरा लिहायचे. दगड वाहून गेला, तपासायचा राहिला, की मुळात नव्हताच... नक्की आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंही लिहायचे. त्यांच्याएवढ्या नावाच्या माणसाने हे लिहिणं सोपं नव्हतं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथे दुणावला.

परवा पूर्वेच्या टोकाच्या एका बोअरपाशी मी अडले. आजूबाजूला सगळीकडे चुनखडी आणि मधेच तळाला कोरा रकाना. सवयीने फोन उचलला, त्यांचं नाव काढलं, आणि मग आठवलं... फोन खाली ठेवून शेऱ्यांची यादी उघडली. इतर शेरे इंग्रजीत होते, हा एकच मराठीत, रोमन लिपीत टाइप केलेला. “पाणी पिवळें आलें. इथें चुनखडी नाहीं. तूं विचारशील म्हणून लिहितों.”

मी सगळे शेरे शेवटपर्यंत वाचत गेले. मला विचारायचं होतं ते सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांना फोन करायला एकही निमित्त शिल्लक ठेवलेलं नाही.