दादाची बारावी आणि कंपनीची टीम

बहरीनला, माहूजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से गच्चीतल्या धुळीसारखे साठतात. सकाळी झाडले, तरी संध्याकाळी पुन्हा थर! यंदाचा थर माझ्या दादामुळे. दादा बारावीत, उंची सहा फूट दोन इंच. मीना सलमान बंदरावरच्या एका कंपनीला तो बास्केटबॉलच्या टीममध्ये हवा होता. अट एकच: शाळा आत्ताच सोडायची. उत्तर शुक्रवारपर्यंत.

*

वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हर सावंतकाका धावत आले. "शिक्षण सोडू नको रे! मी सातवीत सोडलं, आयुष्यभर पस्तावलो!"

मागून काकी म्हणाल्या, "आणि बी.कॉम. जावयाला नोकरी कोणी लावून दिली? सातवीनेच ना!"

*

बाबांनी कंपनीच्या मॅनेजरला विचारलं, "व्हिसा कसला देणार?"

"खेळाडूचा व्हिसा नसतो हो. आमचा कॅप्टन कुकच्या व्हिसावर आहे."

"मग स्वयंपाक कोण करतं?"

"स्वयंपाकी पेंटरच्या व्हिसावर आहे!"

*

शाळेतले पी.टी.चे सर दादाला म्हणाले, "आधी शिक्षण, मग खेळ! कंपनीला नाही म्हणून सांग."

त्याच आठवड्यात त्यांनी केमिस्ट्रीच्या पेपरातून दादाला उठवून नेलं. "पेपर पुन्हा होईल, फायनल मॅच पुन्हा होणार नाही. यल्ला, चल लवकर!"

*

दादाला पगाराचं काहीच नव्हतं. कंपनी बूट देणार होती! त्याच्या मापाचे बूट बाब अल बहरीनच्या बाजारात एकाही दुकानात मिळत नव्हते.

आई भडकली. "बुटांसाठी शाळा सोडतोस?"

"बाबांनी नाही का फ्रिजसाठी गावची मास्तरकी सोडून इथे आले?"

आईने फ्रिजचं दार धाडकन लावलं.

*

गुरुवारी कंपनीने आपला सगळ्यात भारी खेळाडू आमच्याकडे जेवायला पाठवला. दापोलीचे सलीमभाई, शिक्षण चौथी. उजवा गुडघा धरून, हळूच पानावर बसले.

"शाळेत काय ठेवलंय, भाऊ? माझ्याकडे बघा! मला कंपनी पत्र लिहिते!" त्यांनी खिशातला कागद माझ्या हातात दिला. "वाच बाय, मोठ्याने. पहिली ओळ मला येते. थँक यू आहे!"

थँक यू होतंच. पुढे लिहिलं होतं, की गुडघ्याच्या दुखापतीमुळे सीझन संपल्यावर व्हिसा वाढवला जाणार नाही.

मी थँक यूपर्यंतच मोठ्याने वाचलं. दादाने कागद घेतला, वाचला, बाबांकडे दिला. बाबांनी वाचून नीट घडी घातली आणि सलीमभाईंच्या पानात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली. दादा हात धुऊन आत गेला आणि पुस्तक उघडून बसला.

सलीमभाईंनी घडी घातलेला कागद परत खिशात ठेवला.

"कमाल आहे, भाऊ! एवढं चांगलं पत्र दाखवलं, तरी पोरगा अभ्यासालाच बसला!"