भिंतीपलीकडचा श्वास

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. योगाची चटई एक, तीनशे वीस रुपये... घरपोच आणायचे चाळीस वेगळे. सोबत पाण्याची बाटली फुकट, तिचं झाकण गळकं.

लेकीनं सोलापूरहून मागवून दिलं. माझी कंबर धरते, म्हणून तिचा धोशा, "आई, गोळ्या किती खातीस, योगा सुरू कर." शिकवणारी बाई फोनमध्ये, तिला फी नाही. कानात घालायचे इअरफोन मी घेतले नाहीत, उगाच खर्च... आवाज मोठा करायचा आणि फोन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा, झालं.

आम्ही मुरुम गावचे. आमच्या आणि शेजारच्या शेवंताक्काच्या घरात एकच भिंत, जुनी दगडमातीची, कोनाडा त्याच भिंतीत. अक्का ज्येष्ठात पुण्याला लेकाकडं गेली, ती कायमचीच. जाताना गल्लीत पेढे वाटले, भांडीकुंडी वाटली, तवा मला दिला. पुढच्या दाराची किल्लीही माझ्याकडंच ठेवली, "दिवाळीला तेवढा सडा टाक," म्हणून. तेव्हापासून घर बंद.

नवरात्र छान गेलं. खोलीच्या मध्यावर चटई अंथरायची. पहाटेचा गारवा, घटाचा मंद दिवा आणि त्या बाईचं "श्वास घ्या... सोडा..."

दसऱ्यानंतर तुळजापूरची आई पलंगावर निजते, ती कोजागिरीलाच उठते. तोवर आमच्या घरात कुणी गादीवर, खाटेवर पाठ टेकत नाही. मग ही चटई चालते का? मऊ आहे म्हणजे गादीच की... मी ती गुंडाळून ठेवली. भिंतीकडं डोकं करून उघड्या फरशीवर शवासनात पडले.

फोनमधली बाई म्हणाली, आता फक्त आपला श्वास ऐका.

मला दोन ऐकू आले.

एक माझा. दुसरा भिंतीतून, फरशीच्या अगदी लगत... मी माझा रोखून धरला. बाई म्हणाली, "सोडा," आणि तो सुटला. लांब, बारीक शिट्टी वाजावी तसा.

आमच्या ह्यांना सांगितलं. म्हणाले, "उंदीर असतील."

"उंदीर त्या बाईचं ऐकून श्वास सोडतात व्हय?"

हे हसले. पण रात्री आपलं घोंगडं त्या भिंतीपासून ओढून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं.

माझ्या मनात वेगळंच येत होतं. अक्काचे मालक, अण्णा, भिंतीपलीकडच्या त्याच खोलीत वारले. दरवर्षी पितृपक्षात अक्का त्यांचं पान वाढायची. यंदा घराला कुलूप, पान कुणी वाढलं नाही... माणूस उपाशी राहिलं तर घर सोडत नाही म्हणतात.

दिवेलागणीला मी पत्रावळीवर दहीभात आणि दोन वडे घेतले. अक्काच्या परसदारापाशी ठेवले, हात जोडले. म्हटलं, "अण्णा, जेवा आणि सुखानं जावा."

सकाळी जाऊन बघते तर पान रिकामं. कुत्र्यानं खाल्लं असतं तर पत्रावळ फाटली असती, कावळ्यानं भात सांडला असता. ही नीट दुमडलेली होती... पंगतीतून उठताना माणूस दुमडतं तशी. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला.

मी कुणाला बोलले नाही. पण रोज पान ठेवत राहिले, आणि रोज ते दुमडलेलं मिळत राहिलं.

कोजागिरीच्या पहाटे लाईट नव्हती, फोन बंद पडलेला. तरी सवयीनं पडले. बाईचा आवाज नाही, घर चिडीचूप... आणि पलीकडचा श्वास त्या दिवशी धड नव्हता. तुटत होता, अडकत होता. मध्येच थांबायचा, की माझाही थांबायचा.

मग माझ्या कानाशी, भिंतीतून, अगदी हळू आवाज आला.

"आज लावलं न्हाईस व्हय गं?"

देवीचं नाव घ्यायला तोंड उघडलं... आणि त्याच क्षणी कळलं, हा आवाज तर बाईमाणसाचा आहे. मी ओळखते हा आवाज.

देवघरातली किल्ली घेतली, ह्यांना हाक मारली, अक्काचं दार उघडलं. आत कोंदट अंधार. त्याच भिंतीला डोकं लावून फरशीवर शेवंताक्का पडलेली, अंगावर एक लुगडं. उशाशी चुरमुऱ्यांची पिशवी आणि पाण्याचा तांब्या. अंग तापानं नुसतं भाजत होतं.

"ओरडू नगं," म्हणाली. "गल्ली हसंल. पेढं वाटून गेलते मी..."

लेकाच्या घरी तिचं जमलं नव्हतं. दसऱ्याच्या रात्री शेवटच्या बसनं आली, परसदाराची किल्ली तिच्याजवळ होतीच. चूल पेटवली तर धूर दिसणार, आणि तवा तर मलाच देऊन बसलेली. दमा उसळला तरी हाक मारली नाही.

हे रिक्षा बघायला पळाले. मी डोकं मांडीवर घेतलं, तर म्हणते, "तुझी ती फोनमधली बाई घ्या, सोडा म्हणायची... त्याच्यावरच जीव धरला बघ. आन् अण्णाच्या वाट्याचं मी खाल्लं. पाप लागंल का गं?"

"त्यांनीच धाडलं असंल ते तुला," मी म्हटलं.

दवाखान्यातून परवा तिला आमच्याच घरी आणलं. काल तिनं तिच्या तव्यावर ज्वारीची भाकरी भाजली. पहाटे ती भिंतीला टेकून बसते, मी चटईवर, बाई फोनमध्ये. आता पलीकडं कुणी नाही, मला ठाऊक आहे. तरी शवासनात कान तिकडंच जातो...

चटई घातलेली असती तर मी भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यावरच पडले असते. तुळजापूरच्या आईनं मला फरशीवर निजवलं, तिचे उपकार.

तुमच्याही शेजारी एखादं कुलूपबंद घर असेल. उद्या पहाटे, गलका सुरू व्हायच्या आत, एकदा त्या भिंतीला कान लावा... आणि काय ऐकू आलं ते मला उलट टपाली कळवा.